जुन्या मोटारीचे दान
(रायपूर येथील गुढियारीत मराठी वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



अनुवादाच्या अडचणींविषयी मी बोलावे, अशी आपली सूचना होती. त्या अडचणी पुष्कळ आहेत. परंतु आज मी एकाच वाक्यापुरते बोलणार आहे. अमक्या गृहस्थाने आपली जुनी, उघड्या टपाची, दोन आसनांची उंची मोटार धर्मादाय संस्थेला दिली, अशा अर्थाचे वाक्य इंग्रजी पुस्तकांत वारंवार भेटते. मराठीत आणताना प्रश्न पडतो तो ‘दिली’ या क्रियापदापाशी. तिने भेट दिली, देणगी दिली, की दान केले?

‘देणगी’ म्हटले की पावतीपुस्तक डोळ्यांसमोर येते. ‘दान’ हा शब्द अधिक कडक आहे. धर्मशास्त्रकारांनी दानाची व्याख्या करताना दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत: वस्तूवरील आपले स्वत्व संपले पाहिजे आणि दुसऱ्याचे स्वत्व निर्माण झाले पाहिजे. घेणाऱ्याने स्वीकार केल्याखेरीज दान पुरे होत नाही. उदक सोडले म्हणजे केवळ अर्धे काम झाले.

शिवाय वस्तू कशी असावी, हाही प्रश्न आहेच. कठोपनिषदातील नचिकेताची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. यमाच्या दारी जाऊन त्याने मिळविलेल्या ज्ञानाची आपण आठवण ठेवतो. पण तो तेथे गेला कशामुळे, हे बहुधा विसरतो. त्याचा बाप यज्ञात ज्या गाई देत होता त्या थकलेल्या, आटलेल्या होत्या, आणि ते पाहून त्या मुलाच्या मनात कालवाकालव झाली. भाकड गाय घेणाऱ्याच्या दारी चाराच खाणार, हे त्या पोराला कळले होते.

आता ही जुनी मोटार पाहा. तिचा टप कापडाचा असतो. उन्हाने तो विरतो, पावसाळ्यात गळतो, आणि गळलेले पाणी आसनांखाली साचून पत्रा गंजतो. तिचे सुटे भाग सहजी मिळत नाहीत. मिळाले तर त्यांची किंमत मोटारीच्या वयाबरोबर घटत नाही. दोनच माणसे बसतात; रुग्णाला आडवे निजवून नेता येत नाही, धान्याचे पोते ठेवायला जागा नाही. येथे गुढियारीच्या बाजारात माल वाहणाऱ्या साध्या टेम्पोचा एखाद्या अनाथालयाला जो उपयोग होईल, त्याचा दहावा हिस्साही या देखण्या वाहनाचा होणार नाही. दाता मात्र प्रसन्न असतो, कारण त्याच्या घराबाहेरची जागा मोकळी झालेली असते.

म्हणजे अशी मोटार देऊच नये काय? तसे नाही. 1964 च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी पोप सहावे पॉल मुंबईत आले होते. त्यांच्या फिरण्यासाठी अमेरिकेतून भेट आलेली उघडी पांढरी लिंकन मोटार होती. परत जाताना त्यांनी ती मदर तेरेसांना देऊन टाकली. ती जुनी नव्हती, परंतु कलकत्त्याच्या गल्ल्यांतून मरणासन्नांना उचलून आणणाऱ्या भगिनींना ती तितकीच निरुपयोगी होती. मदर तेरेसांनी ती स्वतःसाठी ठेवली नाही आणि सरळ बाजारात विकलीही नाही. त्यांनी तिची सोडत काढली. आलेला पैसा आसनसोलजवळच्या शांतिनगर या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीकडे गेला. यातील व्यवहारज्ञान मला फार मोलाचे वाटते. विकत घेणारा एकच असतो आणि तो मोटारीचा भाव करतो. सोडतीचे तिकीट घेणारे अनेक असतात, आणि ते पोपच्या मोटारीचा भाव करीत नाहीत.

हीच युक्ती आपल्या प्रदेशाने त्याही आधी पाहिली आहे. 7 नोव्हेंबर 1933 रोजी वर्ध्याहून निघालेला गांधीजींचा हरिजन दौरा त्याच महिन्यात रायपूर-बिलासपूर भागात आला. त्या दौऱ्यात मिळालेल्या भेटवस्तू गांधीजी भर सभेत लिलावाला काढीत. त्यांना वस्तू नको होती, निधी हवा होता, आणि ते सांगण्याचा संकोच त्यांनी बाळगला नाही.

एक सावधगिरी येथेच सांगून ठेवतो. राज्य सरकारच्या परवानगीवाचून सोडत काढणे हा आज गुन्हा ठरू शकतो. तेव्हा मदर तेरेसांचे अनुकरण वकिलाला विचारून करावे.

अमेरिकेत या प्रकाराला कराची जोड आहे. तेथे पूर्वी दाता मोटारीची किंमत स्वतःच फुगवून दाखवी व तेवढी करसवलत घेई. संस्थेच्या हाती मात्र लिलावातील थोडीशी रक्कम पडे. 2004 च्या कायद्याने हे आवरले. पाचशे डॉलरहून अधिक सवलत मागायची तर संस्थेने मोटार विकून जी रक्कम मिळविली असेल तेवढीच, असा सर्वसाधारण नियम 2005 पासून झाला. आपल्याकडे 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 80-ग ची सवलत पैशाच्या देणगीपुरतीच होती. वस्तूच्या दानाला ती नव्हती. त्यामुळे मोटार आधी आपणच विकून पैसा देणे, हे दात्याच्या आणि संस्थेच्या अशा दोघांच्या हिताचे ठरे.

आणि ज्याला मोटारच द्यायची आहे त्याने स्वत्वनिवृत्ती कागदावर पुरी करावी. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे, वाहन त्याच राज्यात हस्तांतरित झाले तर देणाऱ्याने 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावयाचे असते. किल्ली दिली, हार घातला, छायाचित्र निघाले, एवढ्याने मालकी सुटली असे होत नाही. नोंदणीपुस्तकावर ज्याचे नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले. त्यात वाहन मध्यंतरी अनेक हातांतून गेले होते, तरी कागदावरच्या नावानेच निर्णय झाला. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. हा खर्च, विमा आणि टपाची दुरुस्ती देणाऱ्याने आधी उरकून मग मोटार दिली, तर मी त्या वाक्यात ‘दान’ हा शब्द निःशंकपणे लिहीन. एरवी ‘सोपविली’ एवढेच लिहीन.

संस्थेच्या विश्वस्तांनाही नकाराचा अधिकार आहे, आणि तो वापरताना त्यांनी भिडेस पडू नये. मोटार आवारात येण्यापूर्वी नोंदणीपुस्तक, विमा आणि कर्ज फिटल्याचा दाखला मागून घ्यावा. कागद नसतील तर मोटार परत पाठवावी.