वार्धक्यातील अडखळती पावले आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया



घरातील वडीलधारी व्यक्ती, तळवे जमिनीला चिकटल्याप्रमाणे, पाय फरफटत चालू लागली की 'वय झाले' असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. पुढे लघवीवरील ताबा सुटतो, विसराळूपणा वाढतो आणि सारी आशाच सोडली जाते. परंतु या तीन लक्षणांत चालणे प्रथम बिघडले असेल, तर मेंदूची तपासणी अवश्य करून घ्यावी. कोलंबियाचे डॉ. सॉलोमन हकीम आणि डॉ. रेमंड ॲडम्स यांनी १९६५ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. मेंदूच्या पोकळ्या पाण्याने फुगतात, परंतु कमरेतून मोजलेला दाब साधारणच भरतो. म्हणून नाव 'नॉर्मल प्रेशर हायड्रोसिफॅलस'.

यावरील रूढ उपचार म्हणजे शंट. त्वचेखालून नळी घालून मेंदूतील पाणी पोटात सोडतात. दुसऱ्या पद्धतीत कवटीच्या लहानशा छिद्रातून दुर्बीण घालून तिसऱ्या पोकळीच्या तळाला वाट पाडतात. शरीरात नळी राहत नाही, ती तुंबण्याची धास्ती नाही. 'दुर्बिणीने होईल' असे ऐकताच नातेवाइकांचे चेहरे उजळतात, हे स्वाभाविकच आहे.

तथापि अनुभव वेगळा आहे. ब्राझीलमधील २०१३ च्या अभ्यासात ४२ रुग्ण होते. वर्षभरानंतर शंट बसविलेल्यांपैकी सुमारे ७७ टक्के सुधारले, दुर्बिणीच्या गटात ५० टक्के. संख्या अल्प आहे, त्यावरून अखेरचा निर्णय देता येत नाही. परंतु कारण उमजते. जिथे पाण्याचा मार्गच अडलेला असतो, तिथे नवी वाट उत्तम उपयोगी पडते. या विकारात मात्र तसा उघड अडथळा आढळत नाही. तेव्हा शल्यविशारदांना 'अडथळा कोठे आहे?' असे निःसंकोच विचारावे.

शंटबाबत २०२५ साली ९९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शंट सर्वांनाच बसविले. काहींची झडप मात्र प्रारंभी जवळजवळ बंद ठेवली होती. तीन महिन्यांनी, झडप उघडी असलेल्यांची चाल स्पष्टपणे वेगवान झाली. मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्रावही त्यांच्यातच अधिक आढळला, हेही सांगितले पाहिजे. म्हणून आधी कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून चालणे सुधारते का, ते पाहतात.

आणखी एक गोष्ट कुटुंबीयांना आधीच सांगावी लागते. शस्त्रक्रियेनंतर सर्वाधिक सुधारते ती चाल. स्मरणशक्ती त्या मानाने कमी. घरची मंडळी नेमकी तिचीच वाट पाहत असतात.