हौशी बिनतारीवाल्यांचे उपग्रह



उपग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे श्रीहरिकोटा उभे राहते. अग्निबाणाचा लोळ, शास्त्रज्ञांच्या टाळ्या आणि कोट्यवधींचा खर्च. हे सारे सरकारचे आणि मोठमोठ्या संस्थांचे काम. आपल्या खेड्यातल्या माणसाचा त्यात काय संबंध, असे आपल्याला वाटते. हवामानाचा अंदाज मिळाला, दूरचित्रवाणीवर चित्र दिसले, की उपग्रहाशी आपला व्यवहार संपला. पण आज मी ज्या उपग्रहांविषयी बोलणार आहे, ते जरा निराळ्या जातीचे आहेत. ते हौशी लोकांसाठी सोडलेले असतात, पुष्कळदा हौशी लोकांनीच बनवलेले असतात, आणि ऐकणारा भेटल्यावाचून त्यांचे काम पुरे होत नाही. हा ऐकणारा आमच्या कामठ्यासारख्या गावातलाही असू शकतो. ते कसे, हे सांगण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल.

आपल्या घरातला रेडिओ फक्त ऐकतो, बोलत नाही. पण जगात काही मंडळी अशी आहेत, की ती घरच्या घरी बिनतारी यंत्र बसवून दूरदूरच्या लोकांशी बोलतात. कुणी तोंडाने बोलतो, कुणी मोर्सच्या लिपीत कट्ट-कडकट्ट करतो. त्यांना हौशी बिनतारीवाले, किंवा सगळीकडे चालणाऱ्या शब्दात ‘हॅम’ म्हणतात. यात कुणी शिक्षक असतो, कुणी डॉक्टर, कुणी रेल्वेतला नोकर. यासाठी केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याचा परवाना लागतो आणि त्याआधी परीक्षा द्यावी लागते. परवाना मिळाला की प्रत्येकाला एक खूणनाव मिळते. आपल्या देशातली खूणनावे बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. या लहरींवर पैसा कमवायचा नाही, हा त्यांचा मुख्य नियम.

आपण म्हणाल, मग याचा उपयोग काय? उपयोग संकटात कळतो. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबारची दाणादाण उडवली, तेव्हा भारती प्रसाद या बाई आपल्या हौशी मंडळींसह पोर्ट ब्लेअरलाच होत्या. त्या गेल्या होत्या हौसेने, जगभरच्या मित्रांशी बेटावरून बोलायला. दूरध्वनी बंद पडले आणि तीच यंत्रे मदतीच्या निरोपांना लागली. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपातही हौशी बिनतारीवाल्यांनी निरोप पोहोचवण्याचे काम केले होते. हौस म्हणून हात बसलेला असला, की तो गरजेला उपयोगी पडतो.

अशा या मंडळींना उपग्रहाची हौस लागली नसती तरच नवल. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक वर गेला आणि त्याचे ‘बीप बीप’ जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या घरी ऐकले. मग अमेरिकेतल्या काहींच्या मनात आले, आपलाच एखादा उपग्रह का असू नये? कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी फावल्या वेळात सुमारे साडेचार किलो वजनाचा एक उपग्रह तयार केला. मोठ्या अग्निबाणात समतोल साधण्यासाठी जे जड वजन ठेवतात, त्याच्या जागी तो बसवून घेतला. १२ डिसेंबर १९६१ रोजी तो कक्षेत गेला. त्याचे नाव ऑस्कर-१. तो फक्त एकच शब्द बोलत असे: ‘हाय’. मोर्समध्ये चार टिंबे, मग दोन टिंबे. पण त्यातही खुबी होती. उपग्रहाचे तापमान बदलले की तो शब्द उच्चारण्याची गती बदलत असे. म्हणजे खाली घड्याळ घेऊन बसलेला माणूस वरचे तापमान सांगू शके! सुमारे तीन आठवडे तो बोलत राहिला आणि २८ देशांतल्या ५७० हून अधिक हौशी लोकांनी आपण काय ऐकले ते लिहून कळवले. ऐकणाऱ्यांच्या या टिपणांतूनच प्रयोग सिद्धीस गेला. आजवर तोच रिवाज चालत आला आहे.

या उपग्रहांतली एक गोष्ट तर कहाणीसारखी आहे. ऑस्कर-७ हा उपग्रह नोव्हेंबर १९७४ मध्ये सोडला. १९८१ साली त्याची बॅटरी बिघडून तो मुका झाला आणि सर्वांनी त्याची आशा सोडली. पण २१ जून २००२ रोजी इंग्लंडमधल्या एका हौशी माणसाला त्याचा आवाज पुन्हा ऐकू आला. बॅटरीतला बिघाड आपोआप असा बदलला, की सूर्यपट्ट्यांची वीज सरळ यंत्राला मिळू लागली. उन्हात आला की बोलायचा, सावलीत गेला की गप्प. कुणी कान देऊन बसले होते, म्हणून हे कळले.

आता आपल्या देशाकडे येऊ. ५ मे २००५ रोजी इस्रोने ‘हॅमसॅट’ हा साडेबेचाळीस किलोचा उपग्रह सोडला. खालून गेलेला आवाज घेऊन तो दुसऱ्या लहरीवर परत पाठवणारी दोन यंत्रे त्यात होती. एक भारतात बनले होते, दुसरे हॉलंडमधल्या एका हौशी तरुणाने बनवले होते. जगातल्या कोणाही परवानाधारकाने त्यावरून बोलावे. पैसा नाही, अर्ज नाही. जुलै २०१४ मध्ये तो बंद पडेपर्यंत नऊ वर्षे अनेक देशांतली माणसे त्याच्या आधाराने एकमेकांशी बोलली.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनीही मागे राहण्याचे कारण नव्हते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी ‘स्वयम्’ बनवला. प्रत्येक बाजू दहा सेंटीमीटर, वजन किलोभरही नाही. तो २२ जून २०१६ रोजी, एकाच अग्निबाणातून गेलेल्या वीस उपग्रहांपैकी एक म्हणून वर गेला. हौशी लोकांच्या लहरींवर एका ठिकाणचा निरोप घेऊन दुसऱ्या ठिकाणी द्यावा, हे त्याचे काम. अवकाशात त्याची दिशा सावरायला मोटार नव्हती. त्यात लोहचुंबक बसवला होता, आणि होकायंत्राच्या सुईसारखा तो पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या रोखाने राहावा अशी योजना होती. शिक्षकांनी वर्गात दोऱ्याला चुंबक टांगून दाखवावा, त्यामागचे तत्त्व मुलांना पाच मिनिटांत कळेल.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या आय.आय.टी.तल्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा सुमारे दहा किलोचा उपग्रह गेला. त्याचा हेतू मला फार मोलाचा वाटतो. आपल्या डोक्यावर, हवेच्या फार वर, विजेचा भार असलेल्या कणांचा एक थर आहे. त्याला आयनांबर म्हणतात. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी त्यातून येताना थोड्या बदलतात, जशी पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते. जमिनीच्या मोजणीला हल्ली उपग्रहांचे संकेत घेणारी यंत्रे येतात. त्यांच्या मोजमापातही या थरामुळे फरक पडू शकतो. आपल्या मध्य भारतावर तर दुपारनंतर हा थर विशेष दाट होतो. ‘प्रथम’ दोन निरनिराळ्या लहरी खाली पाठवणार, आणि त्या दोहोंत पडलेल्या फरकावरून थराची दाटी मोजायची, अशी ही युक्ती. पण एका मुंबईत ऐकून देशाचा नकाशा कसा होईल? म्हणून देशातल्या इतर महाविद्यालयांनीही आपापल्या गच्चीवर आकाशतारा उभारून ऐकावे, अशी योजना होती. इथे ऐकणे हाच प्रयोगाचा अर्धा भाग होता.

ही गोष्ट सगळ्याच लहान उपग्रहांना लागू आहे. शिक्षक मित्रहो, थोडा हिशेब करून पाहू. पाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सुमारे साडेचौऱ्याण्णव मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालतो. तो कामठ्याच्या बरोबर डोक्यावर असेल, तेव्हा चहूकडे सुमारे २,४०० किलोमीटरपर्यंत त्याचा आवाज पोहोचतो. काश्मीर आणि कन्याकुमारी दोन्ही त्यात येतात. पण तो डोक्यावरून गेला तरी अकरा-बारा मिनिटांत क्षितिजाआड होतो. ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह असेल, तर दिवसातून साधारण चार वेळा आपल्या टप्प्यात येतो. सगळी बेरीज केली तर चोवीस तासांत अर्धा-पाऊण तास! उरलेले तेवीस तास तो दुसऱ्यांच्या आकाशात असतो.

आता कल्पना करा. ब्राझीलमधल्या विद्यार्थ्यांनी चार-पाच वर्षे खपून एक उपग्रह बनवला. तो गोंदियावरून जातो आहे, त्याची बॅटरी उतरत चालली आहे आणि तो तसे आपल्या संकेतातून सांगतो आहे. ब्राझीलला ते ऐकू येणार नाही. मध्ये सारी पृथ्वी आहे. ते इथल्याच माणसाला ऐकू येईल. त्याने ऐकून टिपले, वेळ लिहिली आणि कळवले, तर त्या मुलांना आपल्या यंत्राची नाडी कळेल. नाही ऐकले तर तो आवाज आमच्या धानाच्या बांध्यांवरून तसाच निघून जाईल. आपल्या मुलांचा उपग्रह ब्राझीलवरून जातो, तेव्हा तिकडचा कुणी अनोळखी माणूस आपल्यासाठी कान देऊन बसलेला असतो. ही एक प्रकारची सावड आहे. आज मी तुझ्या बांधीत रोवणीला येतो, उद्या तू माझ्या बांधीत ये. अशा ऐकणाऱ्यांची केंद्रे एकमेकांना जोडावीत म्हणून ग्रीसमधल्या हौशी मंडळींनी २०१४ साली ‘सॅटनॉग्स’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात टिपलेले आवाज कोणालाही मोबाइलवरसुद्धा ऐकता येतात. शाळेत काहीच साधन नसेल, तर तिथूनच सुरुवात करावी.

प्रत्यक्ष ऐकायचे असेल तर आपला घरातला रेडिओ चालणार नाही. त्याची एफ.एम. पट्टी १०८ मेगॅहर्ट्झपाशी संपते. हौशी उपग्रहांच्या लहरी पुष्कळशा १४५ आणि ४३५ मेगॅहर्ट्झच्या आसपास असतात. त्यासाठी संगणकाला जोडायचा बोटभर डोंगल मिळतो. काही हजार रुपयांत काम भागते. आकाशतारा मात्र मुलांनीच बनवावा. उदाहरणार्थ, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून हौशी लहरींवर जो आवाज खाली येतो, तो १४५.८ मेगॅहर्ट्झवर. ही लहर सुमारे दोन मीटर सहा सेंटीमीटर लांबीची. तिची चौथाई साधारण ५१ सेंटीमीटर. प्रत्यक्षात तार थोडी आखूड, ४९ सेंटीमीटरच्या जवळपास घ्यावी. अशा दोन तारा एका लाकडी पट्टीवर समोरासमोर बसवल्या की झाला साधा आकाशतारा. भागाकाराचे एवढे जिवंत उदाहरण गणिताच्या पुस्तकात सापडणे कठीण.

ऐकताना एक गंमत अनुभवाला येईल. गोंदियाच्या फलाटावर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी आपण ऐकली असेल. गाडी येताना शिट्टी चढी असते, पुढे गेली की एकदम उतरते. उपग्रहाचा आवाजही तसाच उतरतो, कारण तो सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने पळत असतो. ४३५ मेगॅहर्ट्झच्या लहरीत हा फरक दहा किलोहर्ट्झपर्यंत पडतो. आवाज कोणत्या क्षणी झपाट्याने उतरला हे टिपले, तर उपग्रह आपल्याला सर्वांत जवळ केव्हा होता ते कळते. एकदम वीस उपग्रह सुटले, तर त्यांतला कोणता कुठला, हे ओळखायलाही याच युक्तीची मदत होते.

अवकाश स्थानकाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. जुलै २०२५ मध्ये आपले शुभांशु शुक्ला तिथे होते, तेव्हा बेंगळुरू आणि शिलाँग येथे जमलेल्या विद्यार्थ्यांशी ते हौशी बिनतारीवरूनच बोलले. आमच्या भागातल्या मुलांनी बिरसीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ वैमानिकांची विमाने पाहिली आहेत. त्यांच्याही वर, तिन्हीसांजेला शांतपणे सरकणारी एखादी तेजस्वी चांदणी दिसली, तर ते अवकाश स्थानक असू शकते. त्याच्या फेऱ्यांच्या वेळा आधी कळतात.

दोन-तीन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. आकाशतारा विजेच्या तारांपासून लांब उभारावा. पावसाळ्यात ढग गडगडू लागले की तो ताबडतोब सोडवून ठेवावा आणि मुलांना आत घ्यावे. परवान्याशिवाय एक अक्षरही प्रक्षेपित करू नये. कोणते यंत्र बाळगायला परवाना लागतो, हेही दळणवळण खात्याच्या चालू नियमांवरून आधी पाहून घ्यावे. परवाना बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही मिळू शकतो. प्राथमिक वर्गाच्या परीक्षेला मोर्स लागत नाही. थोडे विजेचे ज्ञान आणि नियमांचा अभ्यास पुरतो. १९७८च्या नियमांतील परीक्षा केंद्रांच्या यादीत नागपूरचेही नाव आहे.

शिक्षक मित्रहो, यंदा शाळेत एवढे करून पाहा. एक वही घाला. तिच्यात उपग्रहाचे नाव, तारीख, वेळ, आवाज मोठा की बारीक, आणि ऐकणाऱ्याचे नाव, असे रकाने पाडा. पहिले काही दिवस नुसती खरखर ऐकू येईल. तीही लिहून ठेवा. मग एखाद्या सकाळी त्या खरखरीतून बारीक शिट्टी उमटेल, मुले एकदम गप्प होतील आणि कुणीतरी घड्याळाकडे पाहून वेळ लिहील. ती नोंद ज्यांचा उपग्रह आहे त्यांना जरूर कळवा. त्यांना तिची गरज असते.