व्हार्फ नदीच्या काठाकाठाने

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विलायतेच्या प्रवासावर मी चार शब्द बोलावेत असे कार्यकारी मंडळाने ठरविले, तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकींना वाटले असेल की ही आता लंडनचे राजवाडे आणि राजमुकुट यांचे वर्णन करणार. मुकुट मी पाहिला. सरकत्या पट्ट्यावर उभे करून पेटीपुढून नेतात आणि डोळे भरून पाहण्याच्या आत माणूस पुढे गेलेला असतो. त्याबद्दल एवढेच. मला सांगायचे आहे ते नदीकाठच्या एका रानाबद्दल. त्या रानात मी सबंध एक दिवस पायी हिंडले, आणि तो दिवस अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

२०२३ सालच्या मे महिन्यात मी मुलीकडे लीड्सला होते. निघण्यापूर्वी आठ दिवस माहेरहून दादांचे पत्र आले होते. आत हक्कसोडपत्राचा मसुदा. कृष्णाकाठी आमची थोडी मळई आहे, कडेला उंबर, करंज आणि दोन जुनी जांभळे. तिच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या मागे आम्हा बहीणभावंडांची नावे लागली, ती कमी करावयाची. ‘वाचून ठेव, परत आलीस की रजिस्टर कचेरीत जाऊन येऊ. तुला तिकडे काय कमी आहे?’ असे दादा फोनवर म्हणाले. त्यात वाकडे काही नव्हते. आपल्याकडे बहुतेकींनी अशी सही केलेलीच असते. मीही करणारच होते. कागद घरी राहिला तर विसरेन म्हणून पर्समध्ये टाकला आणि तसाच समुद्रापार घेऊन गेले.

लीड्सपासून वीस-बावीस मैलांवर बोल्टन अ‍ॅबी नावाचे लहानसे गाव आहे. यॉर्कशरच्या डोंगराळ भागातून उतरणारी व्हार्फ नदी तेथे मोठे वळण घेते आणि त्या वळणावर जुन्या मठाचे अवशेष उभे आहेत. मठ ११५४ सालचा. आठव्या हेन्री राजाने देशातले सारे मठ मोडले, त्या लाटेत १५३९ मध्ये हाही गेला. अर्धा भाग गावाचे देऊळ म्हणून वाचला, तेथे आजही प्रार्थना होते. उरलेल्या अर्ध्याला छप्पर नाही, नुसत्या उंच कमानी आणि त्यांतून दिसणारे आकाश. मठापाशी नदीत पन्नासांहून अधिक दगड ओळीने मांडले आहेत, त्यांवर पाय ठेवीत पैलतीरी जाता येते. नात टणाटण उड्या मारीत गेली. मी नेसलेली होते साडी, त्यामुळे शेजारचा पूल मला अधिक योग्य वाटला.

तेथून वरच्या अंगाला बार्डनपर्यंत तीन-साडेतीन मैलांची वाट. जावयांनी आम्हां तिघींना मठापाशी सोडले आणि ते गाडी घेऊन बार्डनला गेले. काही अंतर गवताळ काठाने चालल्यावर लाकडी पूल ओलांडून आपण स्ट्रिड वुड नावाच्या रानात शिरतो. ओक, बीच, अ‍ॅश ही तेथली मोठी झाडे. मे महिन्यात त्यांची पालवी इतकी कोवळी असते की सारा उजेडच पोपटी होतो. आणि त्याखाली ब्लूबेलची निळी फुले! एकेक फूल पाहिले तर नाजूक घंटेएवढे, परंतु उतारच्या उतार त्यांनी भरलेले असतात. लांबून पाहिले तर नदीचेच पाणी झाडांत शिरून राहिल्यासारखे दिसते. पुढे एकदम लसणीच्या फोडणीचा वास आला. मी इकडे तिकडे पाहू लागले, एवढ्या रानात कोणी स्वयंपाक मांडला? ती रानलसूण. पांढऱ्या फुलांची, ओलसर जागी मैदानासारखी पसरलेली. तिची पाने लोक आवडीने खातात.

आपली सवय तशी. मी वाकून ब्लूबेलची दोन फुले खुडली, घरी देवापुढे ठेवावीत म्हणून. नात जवळजवळ ओरडलीच. तिला शाळेत शिकविले होते की बीपासून फूल यायला पाच-सात वर्षे लागतात, पानांवर पाय पडला तरी झाड मागे पडते, आणि जमीनमालकाच्या परवानगीवाचून कोणतेही रानझाड उपटणे हा १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. मी उपटले नव्हते, खुडले होते; पण सात वर्षांच्या मुलीपुढे हा युक्तिवाद टिकेना. पुढची वाट मी हात मागे बांधून चालले.

वाटेत एका पडलेल्या ओंडक्यात शेकडो नाणी ठोकून बसविलेली दिसली. येणारेजाणारे मनात इच्छा धरून नाणे ठोकतात. नवस म्हणजे काय हे तेथे कोणी कोणाला समजावून सांगायला नको! जरा पुढे पाण्यातल्या दगडावर साळुंकीहून लहान, पांढऱ्या छातीचा तपकिरी पक्षी गुडघे वाकवून वाकवून उठाबशा काढीत होता. हा डिपर. पाहता पाहता तो सरळ पाण्यात चालत गेला आणि तळाशी किडे वेचून पुन्हा वर आला. नदीचे पाणी स्वच्छ आणि खळाळते असेल तेथेच हा राहतो.

या वाटा आपोआप पडलेल्या नाहीत. विल्यम कार नावाचे एक धर्मोपदेशक पन्नासांहून अधिक वर्षे त्या गावी होते. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ड्यूक ऑफ डेव्हनशर यांच्या या रानात त्या आखून घेतल्या. जेथे वळण घेतले की नदी अचानक दिसते, तेथे नेमके वळण आहे. रान आजही त्या घराण्याच्या विश्वस्तांच्या मालकीचे आहे आणि गाडी उभी करायला पैसे पडतात.

रानाच्या मध्यावर जिच्यावरून त्याला नाव पडले ती जागा येते. तीस यार्ड रुंदीची नदी काळपट खडकांच्या फटीत शिरून अवघी दोन यार्ड होते. मनात येते, अशी टांग टाकावी की पलीकडे! तेथेच फसगत आहे. खडक पाण्याखाली आतून पोखरलेले आहेत आणि सारी नदी जणू कुशीवर होऊन त्या फटीतून खाली धावते. आत पडलेला माणूस वर येत नाही. सूचनांचे फलक लावले आहेत, तरी बळी गेलेले आहेत. मी नातीचा हात इतका घट्ट धरला होता की तिने तक्रार केली.

तेथली कथा अशी की, ॲलिस द रुमिली या जहागीरदारणीचा मुलगा शिकारी कुत्रा घेऊन येथून उडी मारीत असता कुत्रे ऐनवेळी मागे ओढले गेले आणि मुलगा पाण्यात गेला. त्या दुःखात आईने नदीकाठची जमीन मठाला दिली. इतिहासकार हे मानीत नाहीत. कारण मोठे मजेदार आहे: जमीन दिल्याच्या दस्तऐवजात त्या मुलाचेच नाव आहे! दस्ताच्या वेळी तो जिवंत होता. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटले. स्किप्टनची ती जहागीर ॲलिसला तिच्या आईकडून आलेली होती, आणि आईला तिच्या वडिलांकडून. बाराव्या शतकात लेकीकडून लेकीकडे! पर्समधला कागद मला तेव्हा पहिल्यांदा आठवला.

रान संपल्यावर निड नदीच्या खोऱ्यातले पाणी ब्रॅडफर्डला नेणारा एक भक्कम जलसेतू लागतो. किल्ल्यासारखा दिसतो, बाकी विशेष नाही. पलीकडे कुरणे, दगडावर दगड रचून केलेले गडगे, आणि कोकरे पाठीशी घेऊन चरणाऱ्या मेंढ्या. कुरण कोणाचे तरी आहे हे उघड होते, म्हणून मी फाटकापाशी थबकले. मुलगी म्हणाली, ‘आई, चल. जमीन शेतकऱ्याची, वाट सर्वांची.’ १९४९ च्या कायद्याने तेथे अशा पायवाटांचे नकाशे करावयाला लावले. नकाशात वाट असली की मालकाला ती अडविता येत नाही. आपण एवढेच करायचे, फाटक लावून घ्यायचे.

बार्डनच्या दगडी पुलावरून चढाने वर गेले की बार्डन टॉवर दिसतो. क्लिफर्ड घराण्याचा हा जुना वाडा आज छपरावाचून उभा आहे. भिंतीवर एक शिलालेख आहे. मुलीने तो सावकाश वाचून अर्थ सांगितला: हा वाडा पडीक झाला होता, मी, ॲन क्लिफर्ड, तो १६५८ व १६५९ मध्ये दुरुस्त केला, १५८९ च्या सुमारास माझी आई येथे राहिली तेव्हा मी तिच्या पोटात होते.

या बाईंची हकीकत ऐका. १५९० साली स्किप्टनच्या किल्ल्यात जन्म. आईवडिलांचे हेच एक अपत्य उरले. १६०५ मध्ये वडील वारले, तेव्हा ॲन पंधरा वर्षांची होती. मृत्युपत्रात त्यांनी सारी मालमत्ता भावाला लिहून दिली आणि मुलीला पंधरा हजार पौंड. परंतु घराण्याच्या जुन्या दस्ताप्रमाणे मालमत्ता थेट वंशजाला जावयाची होती, मुलगा असो वा मुलगी. आई मार्गारेटने दावा लावला आणि ती १६१६ मध्ये वारली तोपर्यंत चालविला. ॲनच्या नवऱ्याला रोख रक्कम हवी होती. सही कर म्हणून त्याने छळले, लहान मुलगी तिच्यापासून काही काळ दूर नेली. १६१७ मध्ये खुद्द राजाने समोर बोलावून समजूत घातली. तिने सही केली नाही. निकाल तिच्या विरुद्ध झाला. पुढे १६४३ मध्ये चुलतभाऊ पुरुष वारस न ठेवता वारला तेव्हा कोठे सारे तिच्याकडे आले. म्हणजे ती जिंकली ती न्यायाने नव्हे, पुरुष संपले म्हणून! त्यानंतर तिने पडके किल्ले आणि देवळे एकामागून एक उभी केली आणि १६७६ मध्ये शहाऐंशीव्या वर्षी ती वारली. ती काही समाजसुधारक नव्हती. स्वतःच्या हक्कापुरतीच भांडली. तिच्या जमिनी कसणाऱ्यांना ती फार मवाळ मालकीण वाटली असेल असेही नाही.

परंतु त्या दगडावर तिने आपल्या पराक्रमाचे काही लिहिले नाही. लिहिले ते हे, की येथे मी आईच्या पोटात होते. मी तेथे उभी राहिले आणि मला आमची मळई दिसली. माझ्या वेळी दिवस भरत आले तरी आई त्या मळईत भांगलण करीत होती, असे ती नेहमी सांगे. चाळीस वर्षे ती त्या मातीत राबली. सातबाऱ्यावर तिचे नाव कधी लागले नाही, ते लागावे असे तिला कोणी विचारलेही नाही.

मी पर्समधून कागद काढून मुलीला दाखविला. तिने तो उभ्याने वाचला. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, ‘तुला काय हवंय, आई?’ मला उत्तर देता येईना. पैसा नको होता, हे खरे. आपल्या महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा केला, पण तो आमच्यासारख्या आधी लग्न झालेल्यांना लागू नव्हता. २००५ च्या दुरुस्तीने तो वाटा आम्हांलाही मिळाला. हे मला ठाऊक होते, आणि तरीही मी सही करायला निघाले होते. तेवढ्यात जावई खालून हाका मारू लागले, नातीला भूक लागली होती. गाडीत बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

परत आल्यावर मी दादांना कळविले की सध्या सही करीत नाही. का, हे मला नीट सांगता आले नाही. व्हार्फ नदी, ॲन क्लिफर्ड हे सारे फोनवर कसे सांगणार? सहा महिने त्यांचा फोन आला नाही. वहिनींनी एका लग्नात माझ्याकडे पाहिलेही नाही. ते मला फार लागले. खोटे कशाला सांगू?

त्या भाऊबीजेला मात्र दादा आले. येताना मळईवरच्या उंबराखालची हळद आणली होती, ओली, मातीसकट. मी ओवाळले. कागदाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. तो अजून माझ्या कपाटात आहे, आणि त्याच्याच घडीत ती खुडलेली दोन निळी फुले आहेत. आता ती पार तपकिरी झाली आहेत.