परसातले तळे

परसात लहानसे तळे खणावे असा विचार घरात निघाला, की पहिला आक्षेप डासांचा येतो. तो अगदीच निराधार नाही. उष्ण हवेत साचलेल्या पाण्यातून आठ-दहा दिवसांत डास उडू लागतात. परंतु डेंग्यूचा डास वाढतो तो बहुधा फुटक्या डब्यांत, जुन्या टायरांत, कुंडीखालच्या बशीत. कारण तेथे त्याच्या अळ्यांना खाणारे कोणी नसते. जिवंत तळ्यात ते असतात. हवेत भिरभिरणाऱ्या चतुराचे बालपण पाण्याखाली जाते, आणि त्या काळात डासांच्या अळ्या हे त्याचे आवडते भक्ष्य असते.

तेव्हा तळे करावयाचे ते या शिकाऱ्यांसाठी. लांबी-रुंदी सात-आठ फूट आणि मध्यभागी खोली दोन फूट असली तरी पुरे. खरे महत्त्व काठाला आहे. उभ्या भिंतींचा सिमेंटचा हौद नेटका दिसतो खरा. पण त्यात पडलेली खार बुडून मरते आणि बेडकाच्या पिलालाही वर चढता येत नाही. निदान एक बाजू उतरती, दगडगोट्यांची असावी. घरात रांगते मूल असेल, तर मात्र पाण्यावर भक्कम जाळी हवी. नाहीतर हा बेत दोन-चार वर्षे पुढे ढकललेला बरा.

इंदूरकडील काळी माती पाणी धरते, पण सुकली की भेगाळते. बेळगाव-गोव्याच्या जांभ्यातून तर पाणी मुरूनच जाते. म्हणून तळाशी वाळू, वर जाड ताडपत्री व तिच्यावर माती घालावी. पाणी शक्यतो पावसाचे भरावे. नळाचे असल्यास जीव येण्यापूर्वी ते दोन-तीन दिवस उघडे राहू द्यावे. कुमुदिनी लावावी. जलपर्णी कितीही शोभिवंत दिसली तरी आणू नये. ती सारा पृष्ठभाग झाकून टाकते.

डासांसाठी गॅम्बुसिया मासे सोडण्याचा सल्लाही मिळेल. हा मासा मूळचा अमेरिकेतला, आणि तो बेडकांची अंडी व लहान भैरुटेही गट्ट करतो. पहिल्या महिन्यात अळ्या दिसल्याच, तर चहाच्या गाळण्याने काढाव्यात. बेडूकही बाहेरून आणू नयेत. त्यांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली, तरी गोव्यात पावसाळ्याच्या रात्री त्यांना चोरून पकडणारे आहेतच; परसातले पाणी त्यांना तेवढाच आसरा. ते आपण होऊन येतात. मृगाच्या सरींनंतर पाण्यात काळ्या मण्यांच्या लांब माळा दिसल्या, तर ती खडबडीत पाठीच्या भेकाची अंडी होत. घाण समजून ती उपसून टाकू नयेत.