लेकराला घेऊन बाहेर पडणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण कुणातरी शिकलेल्या बाईंना बोलावतो आणि त्यांचे विचार ऐकतो. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "बाहेरचं कुणी नको. आपल्यातलीच एकीनं बोलावं." असे म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण म्हणजे काय ते शाळेत पंधरा ऑगस्टला ऐकलेले तेवढेच. विषय तुमचा तुम्ही ठरवा, असेही त्या म्हणाल्या. मी दिवसभर दोन कामे करते, स्वयंपाक आणि नातीला सांभाळणे. स्वयंपाकावर तुम्हाला मी काय सांगणार? तेव्हा नातीवर बोलते.

माझी नात साडेतीन वर्षांची आहे. मुलगा लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर जातो आणि सूनबाई बियाणे निवडण्याच्या कामाला जाते. आपल्या जालन्यात निम्म्या घरांतून लोखंड नाहीतर बियाणे, यावरच चूल पेटते. सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सहापर्यंत लेकरू माझे. माझे लग्न लवकर झाले, मुलाचेही लवकर झाले, त्यामुळे पंचेचाळिशीतच आजी झाले. रस्त्यात कुणी "मुलगी का तुमची?" असे विचारले की मला जरा बरेच वाटते, पण ते असो.

ही पोर अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. आई, दूदू, नको, असे चारपाच शब्द. बाकी सगळे बोटाने दाखवायची. गल्लीत कुजबूज सुरू झाली. एकीने तर तोंडावर विचारले, "मुकी आहे का हो?" सूनबाई त्या रात्री जेवली नाही. माझ्या सासूबाई सत्तरीच्या आहेत. त्यांनी तिला जवळ बसवून जांबच्या समर्थांची गोष्ट सांगितली. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ च्या रामनवमीला ते तिथे जन्मले. लहानपणीचा नारायण एकदा घरात कुठे सापडेना. शोधता शोधता तो अंधाऱ्या अडगळीत गप्प बसलेला दिसला. राणूबाईंनी विचारले, काय करतोस? तर म्हणाला, साऱ्या जगाची काळजी करतो आहे. सासूबाई म्हणाल्या, "गप्प बसलेलं लेकरू रिकामं नसतंय, माय." सूनबाईला धीर आला. पण नुसत्या गोष्टीवर विसंबून आम्ही बसलो नाही. दवाखान्यात नेऊन आधी कान तपासून घेतले. कान चांगले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्याशी खूप बोला, हिला लोकांत न्या, आणि महिन्याने परत दाखवा." ज्यांचे लेकरू उशिरा बोलते त्यांनी पहिल्यांदा कान तपासावेत, हे एवढे मुद्दाम सांगते, कारण दृष्ट काढण्यात आणि नवस बोलण्यात आपल्याकडे पुष्कळ दिवस जातात.

आता मोबाईलचे. तुम्हाला वाटत असेल, ही बाई आता मोबाईलला शिव्या देणार. अंगणवाडीच्या सेविकाबाईंनी आम्हाला एक कागद वाचून दाखवला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली असे सांगितले आहे की, एक वर्षापर्यंतच्या बाळाला पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून फार तर एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून निदान तीन तास हालचाल करावी, धावावे, खेळावे. हे सगळे खरे आहे. पण एका हाताने भाकरी थापायची, दुसऱ्या हाताने कुकर उतरवायचा, नळाला आज पाणी येणार म्हणून हंडे मांडायचे, आणि पायाशी लेकरू रडते आहे, अशा वेळी जी बाई त्याच्या हातात मोबाईल देते ती आळशी नसते. ती एकटी असते. तिला नावे ठेवून काही होत नाही. तिच्या घरी जाऊन लेकरू तासभर उचलून आणले तर होते. माझे आजचे म्हणणे हेच आहे, पण त्याआधी मी काय केले ते सांगते.

मी दळणापासून सुरुवात केली. गिरणी आमच्या घरापासून माझ्या पायाने पाच मिनिटांवर आहे. नातीच्या पायाने पाऊण तास लागतो. पहिल्या दिवशी मी तिला दोनदा उचलले, दोनदा ओढले, आणि ती रडत घरी आली. मग मी दळण सकाळच्या घाईतून काढून दुपारी चारला नेऊ लागले. आता घाई नाही. तिने जिथे उभे राहायचे तिथे मीही उभी राहायचे. कुणाच्या दारात शेळी बांधलेली, तिथे दहा मिनिटे. गटारावरच्या फरशीवरून उडी, तीही पाच वेळा. गिरणीवाले काका पिठाने पांढरे झालेले असतात, भुवयासुद्धा पांढऱ्या. त्यांनी डब्यात पडणाऱ्या ताज्या पिठावर तिचा हात ठेवला. पीठ गरम असते ना! तिने हात मागे घेतला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आजी, चटका." हा शब्द तिने त्याआधी घरात कधीच काढला नव्हता. फिरण्याने लेकरू बोलू लागले, असे मी म्हणणार नाही, वयही होत होते. पण बोलायला काहीतरी हाताशी लागते की नाही? चार भिंतींत बोलायचे तरी कशाबद्दल?

गिरणीनंतर स्टेशन. दहा रुपयांचे फलाटाचे तिकीट काढून आम्ही बाकावर बसतो. माझ्या लहानपणी या मार्गावर छोट्या रुळांची गाडी होती, तिच्या धुराची मला अजून आठवण येते. आता मोठे रूळ झाले. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली, २०२५ पासून ती नांदेडहून येते. नातीला मात्र त्या गाडीचे काही वाटत नाही, तिला मालगाडी आवडते. डबे संपता संपत नाहीत आणि ती "अजून, अजून" म्हणत राहते. मोजायला ती तिथेच शिकली, जरी आठानंतर एकदम वीस येतात.

घरी सगळे खूश होते असे समजू नका. सासूबाई म्हणायच्या, "उन्हातान्हात कुठं फिरवतीस लेकराला? दिष्ट लागंल." उन्हाचे त्यांचे म्हणणे रास्त होते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत नाहीतर ऊन कलल्यावरच निघावे. दिष्टीसाठी त्या कानामागे तीट लावतात, लावू द्यावी. आमच्या घरचे म्हणाले, "तुला काही काम नाही का?" काम होतेच, ते मी आधी उरकत होते. त्यांना काय उत्तर द्यायचे ते मला अजून सुचलेले नाही.

मग मागच्या हिवाळ्यात आम्ही अंबडला मत्स्योदरी देवीला गेलो. जालन्याहून वीसएक किलोमीटर. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीटच नाही. म्हणजे मी, सूनबाई आणि सासूबाई, तिघींचे मिळून दीड तिकीट, आणि नात फुकट! सूनबाईला रविवारची सुट्टी होती. लग्न होऊन पाच वर्षे झाली, पण माहेर सोडून ती एस. टी.त बसून कुठेही गेली नव्हती, हे मला तिने गाडीत बसल्यावर सांगितले. खिडकीपाशी नातीला बसवायचे ठरले होते. पण बसली सूनबाई, नात तिच्या मांडीवर, आणि बाहेर कापूस, तूर, मोसंबीचे बाग दिसले की नातीच्या आधी तीच बोट दाखवायची. मी काही बोलले नाही.

मत्स्योदरीचा डोंगर माशाच्या आकाराचा आहे, म्हणून हे नाव पडले. वर जायला पायऱ्या आहेत. नवरात्रात तिथे मोठी यात्रा भरते, तेव्हा लहान लेकराला नेण्यात अर्थ नाही, गर्दीत त्याला दिसतात फक्त लोकांचे पाय. आम्ही यात्रा नसताना गेलो. आता गंमत ऐका. मला भीती होती की सासूबाई आणि नात, या दोघींना वर न्यायचे कसे? पण दोघींची चाल एकच निघाली. सासूबाई पाच पायऱ्या चढून दम खायला बसायच्या. नातही पाच पायऱ्या चढून बसायची, पायरीवरचे खडे गोळा करायची आणि पणजीच्या ओटीत टाकायची. सासूबाई एकेक खडा निरखून म्हणायच्या, "हा मोठा, हा तांबडा, हा देवीला." आम्ही दोघी तरण्या वर जाऊन त्यांची वाट पाहत उभ्या. ज्या सासूबाई दिष्टीला भीत होत्या त्याच खाली उतरताना विचारू लागल्या की, राजूरच्या गणपतीला कधी जायचे? डोंगराखाली बसून आम्ही धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. घरी आल्यावर नातीने ते खडे गव्हाच्या डब्यात टाकले. सूनबाईने ते दोन दिवस वेचले, तेही हसत.

हुरड्याच्या दिवसांत माझ्या माहेरी बदनापूर तालुक्यात जाऊन आलो. आगटीत भाजलेली कणसे हातावर चोळून दाणे काढायचे, ते इतके गरम की लेकराच्या हातावर फुंकर घालूनच ठेवावे लागतात. त्याचे वर्णन तुमच्यापुढे काय करायचे, तुम्ही सगळ्या शेतातून आलेल्या आहात. पण आपली नातवंडे शेतातून आलेली नाहीत, एवढे ध्यानात ठेवा. माझ्या नातीला ज्वारी म्हणजे दुकानातल्या पिशवीतली वस्तू वाटत होती.

सगळेच गोड झाले असेही नाही. परतीला एका स्टँडवर लेकराला शी लागली. बायकांच्या जागेत पाणी नव्हते आणि दाराला कडी नव्हती. तिथेच "हिरकणी कक्ष" असे लिहिलेली खोली होती, अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आयांसाठी. तिला कुलूप होते आणि किल्ली कुणाकडे ते कुणाला ठाऊक नव्हते. एक बाई बाळ घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. आम्ही दोघींनी तिच्यासमोर लुगडे धरले.

त्या पाटीवरून मला हिरकणीचा विचार सुटेना. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, संध्याकाळी गडाचे दरवाजे लागले, घरी तान्हे लेकरू, म्हणून ती अंधारात कडा उतरली, अशी कथा सांगतात. आपण तिची थोरवी गातो. थोरवी आहेच. पण मला वाटते, त्या संध्याकाळी शेजारच्या एखाद्या बाईने लेकराला पदराखाली घेतले असते तर? मग हिरकणी सकाळी दरवाजा उघडल्यावर निवांत खाली आली असती. आपल्या गल्लीत रोज कड्यावरून उतरणाऱ्या किती सुना आहेत, मोजा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे तुम्ही ऐकली असतील. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. जी मुले गुरे राखत त्यांच्यासाठी शाळा कुरणात गेली. आपल्याला इतके मोठे काही करायचे नाही. आपल्याला गल्लीच्या टोकापर्यंतच जायचे आहे.

तर मी मंडळापुढे ठेवते ते असे. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला आपल्यापैकी तिघींनी गल्लीतली दोन ते पाच वर्षांची लेकरे घेऊन मारुतीच्या पारापर्यंत जायचे आणि साडेसहाला परत आणायची. महिन्यातून एका रविवारी मोतीबाग. एका बाईमागे तीनपेक्षा जास्त लेकरे नकोत. रस्ता ओलांडताना एकीने पुढे, एकीने मागे राहावे आणि लेकराचे बोट न धरता मनगट धरावे, बोट सुटते. प्रत्येकाच्या खिशात आईचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. पाण्याचा दिवस आला तर फेरी दुसऱ्या दिवशी. त्या तासात त्या लेकरांच्या आयांनी काय करायचे, ते आपण विचारायचे नाही. झोपल्या तरी चालेल.

सभा संपल्यावर चिटणीसबाईंजवळच्या वहीत नावे लिहावीत. माझे नाव लिहून झाले आहे. सासूबाईंनीही आपले नाव घालायला बजावले आहे. त्या पारावर बसून खडे मोजतील. आणि लेकरांच्या पायांत पट्ट्याची चप्पल असू द्या, निसटणाऱ्या चपला शोधण्यात आमचा अर्धा तास जातो.