अंगाला लागेल एवढंच जादा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या आवारात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. इथेच अंबड एमआयडीसीत तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये बी विंगच्या एका मुलानं विचारलं, "काका, तुम्ही तालमीत जायचा ना? मसल करायचे तर किती जास्त खायचं?" तेवढ्यात तिसरा मजला आला आणि उत्तर राहून गेलं. ते आज देतो.

आधी माझी चूक सांगतो. बाविसाव्या वर्षी सिन्नर तालुक्यातल्या गावाहून नोकरीला आलो आणि तालीम लावली. कुणीतरी म्हणालं, खुराक वाढव. झालं! दिवसाला दोन लिटर दूध, डझनभर अंडी, वर गावाहून येणारं तूप. चार महिन्यांत नऊ किलो वाढलो. दंड होते तसेच, पोट मात्र सुटलं. दिवाळीला गावी गेलो तेव्हा कळलं, माझ्या तुपासाठी आई घरातलं सगळं दूध विरजणाला लावत होती आणि धाकट्या बहिणी कोरा चहा पीत होत्या. आणि त्या तुपाची माझ्या अंगावर नुसती चरबी झाली होती.

आपल्या सोसायटीचा दरमहा मेंटेनन्स असतो, तसा शरीराचाही असतो. ज्या जेवणावर दोन-तीन आठवडे वजन जागचं हलत नाही, तो तुमचा मेंटेनन्स. नवीन बांधकाम काढायचं तर त्याच्यावर थोडी वर्गणी लागते. ती किती? दिवसाला साधारण ३०० कॅलरी. म्हणजे एक पेला गाईचं दूध आणि मूठभर शेंगदाणे. बस्स! नवीन व्यायाम करणाऱ्याचं वजन महिन्याला एखादा किलो वाढलं तरी पुष्कळ. स्नायू त्याहून भराभर तयार होत नाहीत, जास्तीचं सगळं पोटावर जातं. आणि व्यायाम नसेल तर गवंड्याशिवाय सिमेंटच्या गोण्या आणून ठेवल्यासारखं आहे.

प्रथिनं मात्र मोजून घ्या. वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅमच्या आसपास. साठ किलोच्या मुलाला नव्वद ग्रॅम, तेही दिवसभरात विभागून. एका अंड्यात सहा ग्रॅम, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांत पंचवीसेक ग्रॅम. डाळ, फुटाणे, दही, पनीर, चिकन आहेच. महागडा डबा घेतलाच पाहिजे असं काही नाही. किडनीचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी वजन करा. तीन आठवडे काटा हललाच नाही तर एक भाकरी वाढवा. पट्ट्याचं भोक बदलावं लागलं तर एक कमी करा.

घाई करू नका. आपले कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलोच्या गटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. दोन गटांत फरक पाच किलोंचा, मध्ये वर्षं चार. आणि मी? चार महिन्यांत नऊ किलो!

आता शेवटचं, माता-भगिनींसाठी आणि माझ्या वयाच्या मंडळींसाठी. वय वाढतं तसे स्नायू झिजतात. जिना जड होतो, खाली बसलं की हाताचा आधार लागतो. माझ्या धाकट्या बहिणीला साठीत हेच झालं. डॉक्टरांनी तिला सांगितलं, प्रथिनं वाढवा, हलकं वजन उचलायचा व्यायाम करा. ती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "दादा, माझ्या वाट्याचा खुराक राहिलाय बघ."

ती हसली, पण मला काही हसता आलं नाही. आता तिच्याकडे जाताना मी मिठाई नेत नाही. अंडी, फुटाणे आणि दूध नेतो.

तेव्हा पोरांनो, जादा खा, पण पेलाभर. आणि तो पेला भरताना घरात सगळ्यात शेवटी जेवायला कोण बसतं, तेही बघा. दुसरा पेला तिच्यासाठी भरा.

सोसायटीला पंचवीस वर्षांच्या शुभेच्छा.