बांध कोणाचा आणि कौल कोणाला?

(मिरा-भाईंदर परिसरातील कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



युद्ध संपले की इतिहास किल्ल्यांची मोजदाद करू लागतो. बुरूज किती ढासळले, तोफा किती हाती लागल्या, तहनाम्यावर शिक्के कोणाचे उमटले, ह्याची टिपणे भरपूर सापडतात. परंतु उद्ध्वस्त मुलूख पुन्हा पिकता कोणी केला, आणि त्या कामी सरकारने रयतेला हात दिला की रयतेच्या घासावर हात मारला, हा प्रश्न सहसा तळटीपेत ढकलला जातो. आज युद्धोत्तर प्रदेशांसाठी जगभर परिषदा भरतात, कर्जे मंजूर होतात, ‘लोकांचा पुढाकार आणि प्रशासनाचे पाठबळ’ असे शब्द ठरावांत घातले जातात. मिरा-भाईंदरच्या कार्यकर्त्यांना ह्या शब्दांचा अर्थ पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. तो त्यांच्या पायाखालच्या चिखलात आहे.

१७३७ मध्ये मराठी फौजांनी ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये वसई चिमाजी अप्पांच्या हाती आली. मधल्या दोन वर्षांत हा सारा पट्टा रणांगण झाला होता. धारावी बेट, म्हणजे मुंबईतील धारावी नव्हे तर उत्तन, डोंगरी, चौक हा भाग, वसईच्या खाडीच्या मुखावर नजर ठेवून असल्यामुळे दोन्ही पक्षांना हवा होता. तो या हातातून त्या हातात फिरला आणि १७३९ च्या आरंभी मराठ्यांकडे कायम झाला. ह्या मोहिमेचा पाया पुण्याहून घातला गेला नव्हता, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी स्थानिक माणसे वर्षानुवर्षे पेशव्यांचे उंबरठे झिजवीत होती, तेव्हा कोठे पुण्याची नजर इकडे वळली. लढाईत पुढाकार स्थानिकांचा होता. शांततेत तो राहिला काय, हा पुढचा प्रश्न.

पोर्तुगीज अमलात येथील गावे सरदार-मानकऱ्यांना नेमून दिलेली असत. ते फिरंगी धनी गेले. मागे उरला तो कसणारा कुळंबी, आगरी, कोळी, भंडारी आणि ख्रिस्ती शेतकरी. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक वसईच्या तहात होती, आणि उत्तन-डोंगरीची वस्ती आजही त्याची साक्ष देते. राज्य बदलले, देवळे आणि देवळांचे मानकरी बदलले, परंतु भरती-ओहोटी बदलली नाही. खाडीकाठच्या शेतीचा खरा धनी तीच असते.

खाजणाची शेती ज्याने पाहिली नाही त्याला ह्या प्रश्नाची कळ सापडणार नाही. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालावयाचा, त्यात ठराविक जागी उघाडी ठेवावयाची. ओहोटीला उघाडीचे दार आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते व पावसाचे पाणी बाहेर जाते. भरतीला तेच दार बाहेरच्या रेट्याने मिटते. यंत्र नाही, इंधन नाही. पण ह्या बांधाला दरवर्षी माती लागते. खेकडे बिळे पाडतात, उधाणाला लाटा पोट कोरतात, आणि एकदा खांड पडली की ती प्रत्येक भरतीला रुंदावत जाते. पहिल्या दिवशी दहा माणसांचे काम असते ते आठव्या दिवशी शंभरांच्या आवाक्याबाहेर गेलेले असते. शिवाय बांध सर्वांचा एक आणि शेते निरनिराळी. कोणा एकाच्या शेतापुढे खांड पडली तरी खारे पाणी सगळ्यांच्या भातात शिरते. म्हणून खाजण हे मुळातच एकट्याने करावयाचे काम नव्हे. कोकणच्या खारेपाटात घरटी माणूस बांधावर धाडण्याची चाल होती, ती कोणा समाजसुधारकाने शिकवलेली नव्हती. गरजेने घातलेली ती शिस्त होती.

जो मुलूख दोन वर्षे फौजांच्या टाचेखाली आहे तेथे बांधाकडे कोण पाहणार? आणि एकदा खारट झालेली जमीन बांध नीट केल्याच्या दुसऱ्या दिवशी पिकत नाही. तिच्यातील मीठ धुऊन जावयास तीन-चार पावसाळे जावे लागतात. प्रथम खाऱ्याला टिकणारा तांबडा राता भात, तोही विरळ. मग हळूहळू बाकीचे. युद्धोत्तर प्रशासनाची कसोटी नेमकी ह्या तीन-चार वर्षांत लागते. सरकारला पैसा आजच हवा असतो, कारण लढाईचे कर्ज डोक्यावर असते. जमिनीला मात्र उद्याही काही देता येत नाही.

मराठी राज्याच्या कारभारात ह्या पेचावर एक तोड होती. तिचे नाव कौल आणि इस्तावा. ओसाड पडलेल्या किंवा नव्याने बांधलेल्या जमिनीवर येणाऱ्या रयतेला सरकार कौल, म्हणजे अभयपत्र देई. आणि इस्ताव्याने पहिली काही वर्षे सारा माफ किंवा नाममात्र ठेवून पुढे पायरीपायरीने वाढवीत नेई. बैल-बियाण्यासाठी तगाई असे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर जमिनीच्या उत्पादकतेचा आलेख आणि साऱ्याचा आलेख एकमेकांशी जुळवण्याची ही युक्ती होती. मीठ धुऊन निघण्याचा वेग आणि खजिन्यात पैसा येण्याचा वेग एक. इतकी समंजस करपद्धती आजच्या अंदाजपत्रकांतही क्वचित आढळते.

ह्याचा अर्थ पेशवाई म्हणजे रयतेचे रामराज्य होते असा मुळीच नव्हे. वेठ होती, नाना प्रकारच्या पट्ट्या होत्या, जातीची उतरंड होती आणि बांधावर माती वाहणारा व माती मोजणारा हे कधीच एका जातीचे नव्हते. तरीही कौलाच्या कागदाला महत्त्व आहे ते एकाच कारणासाठी. सवलत कोणाला, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यात निदान तत्त्वतः स्वच्छ होते. जो जमीन लागवडीला आणील, त्याला.

१७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. येथेही युद्धोत्तर पुनर्रचना झाली, पण तिची तऱ्हा निराळी. कंपनी सरकारला गावाशी बोलण्यापेक्षा एका धनवंताशी करार करणे सोयीचे वाटे. १७९९ मध्ये पवई डॉ. हेलेनस स्कॉट ह्यांना दिली गेली, हा त्यातला एक ठळक नमुना. गावाऐवजी इजारदार, पंचांऐवजी पट्टेदार.

ह्या धोरणाचे टोक मिरा-भाईंदरने पाहिले. १८७० मध्ये ब्रिटिश सरकारने भाईंदर, मिरे, घोडबंदर ह्या भागातील जमिनींसंबंधीचा पट्टा रामचंद्र लक्ष्मणजी ह्यांना दिला. खाऱ्या पाण्याला अटकाव करण्यासाठी बांध घालावयाचे आणि त्या बदल्यात कसणाऱ्यांकडून पिकाचा एक तृतीयांश वाटा घ्यावयाचा, असा तो व्यवहार. मुदत ९९९ वर्षे! हिशोब केला तर ती २८६९ साली संपते. त्या काळच्या खाजण-पट्ट्यांच्या नियमांत पहिली दहा वर्षे सारा माफ आणि पुढील वीस वर्षे एकरी चार आणे अशी तरतूद असल्याचे कोकणच्या जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. म्हणजे इस्ताव्याची कल्पना इंग्रजांनाही ठाऊक होती. फरक इतकाच की सवलत आता कसणाऱ्याकडे न जाता पट्टेदाराकडे गेली. मीठ धुऊन निघेपर्यंत वाट पाहण्याची मुभा त्याला. चिखलात उभे राहण्याचा मान कुळाला.

बांध घालणाऱ्याने मोबदला घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. भांडवल लागते, ते येते कोठून हा प्रश्न खरा आहे. परंतु मोबदला कामाशी बांधलेला असावा लागतो. बांधाची माती दरवर्षी घालावी लागते, हक्क मात्र हजार वर्षांसाठी एकदाच मिळतो. अशा करारात माती घालण्याची उमेद किती पिढ्या टिकेल? पुढे हे हक्क एका खासगी कंपनीकडे गेले. शेती मागे पडून इमारती आल्या तरी पट्टा राहिला, आणि भाताचा वाटा मागणारा कागद घरबांधणीच्या परवानगीच्या वाटेत येऊन उभा राहिला. त्यावरून तंटे झाले, सरकारदरबारी व न्यायालयांत प्रकरणे गेली. ज्या बांधासाठी हक्क दिला तो बांध कोठे आहे, हा साधा प्रश्न मात्र फायलींच्या ढिगात सर्वांत खाली सापडतो.

खाऱ्या पाण्याशी भांडणाऱ्या कुळांनी हा अन्याय मुकाट सोसला असेही नाही. अलिबागेजवळ चरी येथे नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतकऱ्यांनी जमीन न कसण्याचा संप केला. सहा वर्षे रान तोडून, मोळ्या विकून दिवस काढले, पण खोताच्या खाजणात नांगर घातला नाही. खारेपाटातील कूळकायद्याची मुळे पुस्तकांत शोधण्याआधी ह्या संपात शोधावीत.

युद्धाने बांध फुटले आणि सरकारने लोकांच्या संस्थेला हाताशी धरून ते बांधले, असे उदाहरण जगात कोठे असेल तर ते हॉलंडमधील वाल्खेरेन बेटाचे. १९४४ च्या ऑक्टोबरात जर्मनांना हुसकावण्यासाठी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तेथील समुद्रबांधच फोडले. बेट बशीप्रमाणे भरले, आणि वर्षभराहून अधिक काळ रोज दोन वेळा समुद्र शेतांतून, रस्त्यांतून येत-जात राहिला. १९४६ च्या आरंभापर्यंत शेवटची खांड बुजवण्यात आली. इतकी मोठी भगदाडे बुजवणे गावकऱ्यांच्या शक्तीबाहेरचे होते. ते काम राष्ट्रीय जलखात्याने यंत्रे, गलबते, इंजिनियर आणून केले. पण त्या देशात बांध, कालवे व उघाड्या सांभाळणारी पाणी-मंडळे मध्ययुगापासून आहेत. त्यांचे सभासद स्थानिक, त्यांची पट्टी स्वतंत्र. सरकारने खांड बुजवली आणि बांध मंडळांकडे राहिला. जमिनीतले मीठ काढण्यासाठी जिप्सम पुरवले, फेरवाटणीसाठी कायदा केला. त्या मंडळांत मताचे वजन पूर्वी जमिनीच्या मापाने ठरे, भूमिहीनाला तेथे जागा नव्हती. तेव्हा आरतीही ओवाळावयास नको. परंतु कामाची वाटणी विचार करण्याजोगी आहे. जे गावाच्या आवाक्याबाहेर ते सरकारने करावे, आणि जे रोजचे आहे ते गावाच्या हातून काढून घेऊ नये.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या धान्यटंचाईत हा विचार डोकावला होता. १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने मंडळ स्थापन झाले आणि जमीनधारकांचा व सरकारचा वाटा मिळून बांध घालण्याची व्यवस्था झाली. त्याच साली कूळकायदा आला. जमीन कुळाची होणार म्हटल्यावर जुन्या मालकाने बांधावरून लक्ष काढले, आणि कुळाच्या हाती सातबारा आला तरी बांधाचे भांडवल आले नाही. १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याने योजनेतील बांधांचा भार सरकारने उचलला, ही गोष्ट स्वागतार्ह होती. परंतु भार उचलताना सरकारने अधिकारही उचलून नेला. पूर्वी खांड पडली की गाव घमेली घेऊन धावे. आता गाव अर्ज घेऊन धावते. अर्ज मंजूर होईतो दोन उधाणे होऊन गेलेली असतात.

त्यापुढची शोकांतिका निसर्गाच्या हातची आहे. न बुजवलेल्या खांडीतून भरती आत येते आणि थोड्याच वर्षांत तिवरांचे रान माजते. तिवर वाचलेच पाहिजेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला आणि २०१८ च्या निकालाने पक्का केलेला संरक्षणाचा आदेश किनाऱ्याच्या हिताचाच आहे. परंतु ज्याच्या भातात सरकारी दिरंगाईने तिवर उगवले तो शेतकरी आता बांधही दुरुस्त करू शकत नाही आणि नुकसानही कोणाकडे मागू शकत नाही. अशा जमिनी सवंग भावाने कोण विकत घेतो आणि रात्री भराव कोण टाकतो, हे मिरा-भाईंदरच्या माणसास वेगळे सांगावे लागू नये.

१९८५ मध्ये येथे नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाख असलेली वस्ती २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली. ती राहते कोठे? बहुतांशी जुन्या खाजणात आणि मिठागरांच्या शेजारी. पूर्वी उघाडीवर राई, मुर्धे, मोर्वे येथील भात अवलंबून होते. आता पावसाळ्यात भरतीच्या वेळी मिरारोडच्या तळमजल्यावरील बिऱ्हाडही त्याच पाण्यावर अवलंबून आहे. शेतकरी आणि सदनिकाधारक हे दोन वर्ग एकमेकांना परके वाटतात खरे. पाण्याच्या लेखी ते एकाच बांधाचे वाटेकरी आहेत.

त्यांनी बसावे कोठे? ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या. पण त्या नगरसेवकांच्या समित्या. नागरिक त्यात प्रेक्षक. आणि २०२२ मध्ये मुदत संपल्यावर ह्या शहरात तर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकही नव्हते, एकटा प्रशासक होता. प्रशासकीय पाठबळाऐवजी नुसते प्रशासनच उरले की काय होते, ह्याचा हा अनुभव ताजा आहे.

कार्यकर्त्यांनी हाती घेण्यासारखी कामे साधी आहेत. पट्ट्याचे आणि फेरफारांचे कागद मराठीत, वाचता येतील अशा रूपात, प्रत्येक गावाच्या चावडीत लागावेत. उत्तनपासून घोडबंदरपर्यंतच्या बांधांची व उघाड्यांची नोंदवही तयार व्हावी: कोणता बांध खारभूमी योजनेत, कोणता खासगी, कोणता बेवारशी. त्या नोंदीवर गावच्या शेतकऱ्यांच्या, मच्छिमारांच्या आणि इमारतींतील रहिवाशांच्या संयुक्त सभेची सही असावी, आणि दुरुस्तीचा क्रम त्या सभेने ठरवावा. खर्च व इंजिनियर महापालिकेने आणि खारभूमी खात्याने द्यावेत. तिवरांच्या जागी दुरुस्ती अडते तेथे न्यायालयाची परवानगी मागण्याचे काम शेतकऱ्यावर न टाकता प्रशासनाने करावे. पहिली नोंद मेअखेरच्या उधाणापूर्वी मुर्धे-राईच्या बाजूने सुरू करता येईल. ओहोटीच्या वेळी निघाल्यास बांध पायी पाहून होतो आणि कोणती उघाडी मिटत नाही ते डोळ्यांनी दिसते.